आईची गोळी आणि मी दडवलेला कागद

तुमच्या आईचे दुखणे दुसऱ्याच्या मुलाने थांबवले, तर तुम्हाला आनंद होईल का?

लगेच 'हो' म्हणू नका. मीही म्हणालो असतो. सभेत, चार लोकांसमोर, छातीवर हात ठेवून म्हणालो असतो. प्रत्यक्ष तशी वेळ आली तेव्हा मला आनंद झाला नाही. मला हेवा वाटला, आणि तो हेवा मी इतका जपला की संधिवातावरच्या साध्या पांढऱ्या गोळ्यांनी माझ्या आईचा जीव जाता जाता राहिला. गोळ्यांचा दोष त्यात थोडा, माझा जास्त. आजवर दुसऱ्यांच्या चुकांवर मी पुष्कळ पत्रके लिहिली. हे पत्रक माझ्या स्वतःच्या चुकीवर आहे.

आई सोलापुरात गिरणीच्या रीळ खात्यात होती. तिथे बायका दिवसभर उभ्या राहून सूत गुंडाळतात. धागा तुटला की दोन्ही टोके चिमटीत धरून डोळ्याचे पाते लवायच्या आत गाठ मारावी लागते. आईची गाठ खात्यात नावाजलेली होती. नव्या बायकांना तिच्याशेजारी उभे करायचे, बघून शिका म्हणून. पण चाळिशी उलटली तशी तिची बोटे सांध्यांपाशी सुजायला लागली, गुडघे धरायला लागले. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नसे. पहाटे उठून ती कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची, गिरणीचा पहिला भोंगा होईपर्यंत बोटे सुटावीत म्हणून. बोटे सुटली नाहीत तर गाठ बसणार नव्हती, आणि गाठ बसली नाही तर खात्यातली जागा राहणार नव्हती. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघेच.

मी एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. अक्षरओळख मला शाळेने दिली, पण वाचायला मी शिकलो ते पत्रकांवर. दारूबंदीची, बहिष्काराची, गिरणीतल्या कामाच्या तासांची, हुंड्याविरुद्धची. पुढे मी स्वतः लिहू लागलो. ताजे छापलेले पत्रक, शाई अजून बोटाला लागते आहे असे, मी संध्याकाळी घरी आणायचो, आणि ते सगळ्यांत आधी आई ऐकायची.

त्याची एक रीत ठरून गेली होती. आई कामावरून आली, भाकरी झाली, की ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची. मी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून तिच्या गुडघ्यांना बांधायचो, मग तेल चोळायचो. हात तेलकट, म्हणून पत्रक समोर पाटावर पसरायचे. एका कडेवर वाटी ठेवायची, दुसऱ्या कडेवर तांब्या. चोळता चोळता वाचायचे. आईला अक्षर वाचता येत नव्हते, पण तिच्यासारखी ऐकणारी मला पुन्हा भेटली नाही. दारूबंदीचे एक पत्रक मी फार रंगून वाचले, तर ती म्हणाली, "पिणाऱ्याला वाचाया कुटं येतंय? त्याच्या बायकुला वाचून दाव की."

मी ते पत्रक बायकांसाठी पुन्हा लिहिले. ते माझे सर्वांत चांगले पत्रक झाले. असा तो तास होता. मला वाटायचे, तिच्या दुखण्यावर माझाच हक्क आहे.

आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून विणकरांचे एक तेलुगू कुटुंब राहायचे. बाप घरीच हातमागावर लुगडी विणायचा. मुलगा माझ्याच वयाचा, पण तो मागावर बसला नाही; एका डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला. स्वच्छ सदरा, तेल लावून बसवलेले केस, आवाज कधी चढलेला नाही. सभेला कधी आला नाही. मला तो 'तुम्ही' म्हणायचा, त्याचाही मला राग यायचा. आणि माझ्या आईला तो 'अम्मा' म्हणायचा.

एका सकाळी, गिरणीला सुट्टी होती त्या दिवशी, नळावर आईच्या हातून भरलेली कळशी सुटली. बोटांनी काठच धरला नाही. मी तेव्हा विलायती कापडाच्या दुकानासमोर पत्रके वाटत होतो. कंपाउंडरने कळशी सुटलेली पाहिली आणि तो आईला सरळ आपल्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

संध्याकाळी मी निरगुडी घेऊन बसलो तर आईचे त्या दवाखान्याचेच चाललेले.

"एकेक बोट दाबून बघितलं डॉक्टरनं. कदीपासनं दुखतंय, सकाळी जास्त का रात्री जास्त, समदं इचारलं."

"मग त्यात काय?"

"तू इचारलंस कदी? तू आपला वाचतोयस."

ती हसत म्हणाली. मला ते लागले.

तिने पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. आत पांढऱ्या गोळ्या. सॅलिसिलेटच्या जातीचे औषध आहे, सांध्यांची सूज आणि ठणका दोन्ही उतरवते, असे कंपाउंडरने तिला सांगितले होते, तिने मला सांगितले ते फक्त "लई गुणाची गोळी हाय." मला तिचे ते वाक्यही आवडले नाही. ज्याच्या हातून गोळी आली त्याचाच गुण ती सांगते आहे, असे मला वाटले.

चार-पाच दिवसांत फरक पडला. एका संध्याकाळी आईने जमिनीवर पडलेली सुई उचलली. दोन बोटांनी, पहिल्याच झटक्याला. उचलून माझ्यासमोर धरली आणि लहान मुलीसारखी बघत राहिली. कोणत्याही मुलाने त्या क्षणी आनंदाने उडी मारली असती. मी म्हणालो, "निरगुडीचा गुण आता लागायला लागला."

"निरगुडी तीन वर्सं बांदतोयस. ह्यो गोळीचा गुण हाय."

आणि त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली नाही. मी तवा तापवला तर म्हणाली, "आज राहू दे रं. गुडघा गप हाय. दमला असशील, नीज जा."

दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्याही. पत्रक पाटावर पसरलेले, वाटी आणि तांब्या जागेवर, आणि आई दारात उभी राहून त्या कंपाउंडरच्या आईशी गप्पा मारते आहे. त्या बाईची अर्धी तेलुगू, आईची सगळी मराठी, आणि दोघी हसताहेत. ते पत्रक मी घडी करून ठेवून दिले. आईला न वाचून दाखवलेले ते माझे पहिले पत्रक.

आता कागदाची गोष्ट. त्याच सुमारास एका सकाळी कंपाउंडर आमच्या दाराशी आला. आई कामावर गेली होती. त्याने माझ्या हातात एक कागद दिला.

"दवाखान्यात गर्दी होती, अम्मांना मी घाईत सांगितले. त्यांच्या लक्षात राहिले असेल असे वाटत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून सगळे लिहून आणले. तुम्ही त्यांना वाचून दाखवा."

"मी?"

"तुम्ही त्यांना रोज वाचून दाखवता. त्या सांगतात ना सगळ्यांना."

तो गेल्यावर मी तो कागद वाचला. अक्षर टपोरे, काही शब्दांखाली तांबड्या शाईची रेघ. गोळी जेवण झाल्यावरच घ्यावी, उपाशीपोटी कधीही नाही. एका वेळी एक, दिवसात तीनच्या वर नाही. बरोबर दूध किंवा पेलाभर पाणी. उपासाच्या दिवशी गोळी घेऊ नये. दुसरीकडून आणलेली गोळी वा पूड हिच्या जोडीला घेऊ नये. कानात आवाज येऊ लागला, पोटात जळजळ झाली, किंवा शौचास काळे झाले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात यावे.

एक शब्द चुकीचा नव्हता. छापखान्यात दिवसभर लोकांचे लिहिणे माझ्या हाताखालून जाते. बरे लिहिलेले मला कळते. हे बरे लिहिलेले होते. माझ्या पत्रकांपेक्षा सरळ होते. आणि तो कागद मी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात, माझ्या आईला वाचून दाखवायचा होता, त्या तासाला जो त्यानेच माझ्याकडून काढून घेतला होता.

मी तो माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यात खाली सारला.

संध्याकाळी आईने विचारले, "त्यो आल्ता म्हनं. काय लिव्हलंय कागदावर?"

"दवाखान्याचे नाव आहे. बाकी काही नाही."

एवढे खोटे बोलून मी थांबलो असतो तरी चालले असते. मी पुढे भाषण केले. ही गोळी विलायतेतून येते. आपण त्यांचे कापड जाळतो आणि त्यांची गोळी गिळतो. त्या गोळीने शरीर गुलाम होते, रक्त पातळ होते, माणूस आतून पोखरतो. यातले काही मला ठाऊक नव्हते. जे खरे ठाऊक होते ते गठ्ठ्याच्या तळाशी होते.

आईने शांतपणे ऐकून घेतले. "गोळी आसंल विलायती. कळा तर सोदेशी हायत्या ना माज्या? त्या तुज्या पत्रकानं जात न्हाईत, मी काय करू?"

मला वाटले, मी तत्त्वासाठी हरलो. तत्त्वाचा तिथे काही संबंध नव्हता.

आई गोळी कशी घेत होती ते आता ऐका. आमच्या घरात औषध म्हणजे अनशापोटी. काढा असो, चाटण असो, सकाळी तोंड धुऊन, पोटात अन्नाचा कण नसताना घ्यायचे, म्हणजे ते 'लागते'. तिच्या आईने तसेच केले, तिच्या आजीने तसेच केले. भरल्या पोटी घेतलेले औषध अन्नाबरोबर वाया जाते, असे ती मानायची. म्हणून ती पहाटे पाण्यात हात बुडवायच्या आधी एक गोळी बिनदुधाच्या चहाबरोबर घ्यायची आणि तशीच कामावर जायची. भाकरी दुपारच्या सुट्टीत. दर सोमवारी सिद्धेश्वराचा उपास, दिवे लागेपर्यंत पोटात काही नाही. पण उपासाच्या दिवशी उभे राहणे जड जाते म्हणून त्या दिवशी गोळ्या दोन, कधी तीन. "औषधाला उपास लागत न्हाई," ती म्हणायची. मी हे सगळे रोज डोळ्यांनी बघत होतो. मी त्याच घरात होतो. कागदातल्या प्रत्येक ओळीच्या उलट माझ्यासमोर घडत होते, आणि प्रत्येक वेळी सांगायला तोंड उघडावे तर आधी हे सांगावे लागले असते, की मी खोटे बोललो.

तरी अजून एक आडकाठी होती. गोळ्या कंपाउंडरकडून यायच्या, आठवड्याला मोजून, आणि तो प्रत्येक वेळी विचारायचा, मागच्या किती उरल्या. मग त्याच्या बहिणीचे लग्न निघाले आणि तो घरच्यांबरोबर निजामाच्या मुलखात गेला, महिना सव्वा महिन्यासाठी. मला इतके बरे वाटले की मी त्या संध्याकाळी तवा घासून ठेवला. आता गोळ्या संपतील, गुडघा बोलेल, आई भिंतीला टेकून बसेल.

गोळ्या संपल्या. गुडघा बोलला. पण आई निरगुडीला हात लावू देईना. "जरा थांब, त्यो येईल आता," म्हणायची. दाराकडे बघायची. तिचे ते दाराकडे बघणे मला सहन होईना. आणि मी जे केले ते ऐकून माझ्या सभेतल्या मित्रांनी तोंडात बोटे घातली असती. ज्या दुकानासमोर मी पत्रके वाटायचो त्याच्या शेजारच्या दुकानात जाऊन मी तीच विलायती गोळी विकत घेतली. मोजून नाही, बाटलीभर.

"घे," मी म्हणालो. "किती उरल्या म्हणून कुणी विचारणार नाही. दुखेल तेव्हा घे, हवी तेवढी घे."

आईने बाटली उजेडात धरून हलवली. मग शेजारणीला हाक मारून सांगितले, "माज्या लेकानं आणली बगा. अक्खी बाटली." पुष्कळ दिवसांनी ती मला 'शहाणा' म्हणाली. तो शब्द मी चघळत झोपलो.

पुढचा महिना मी सुखात होतो. आई सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी दोन घ्यायची. खात्यात कुणी डोकेदुखीची पूड दिली तर तीही. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसू लागली, तेलासाठी नाही, दमून. मी पत्रके वाचू लागलो. मधेच ती म्हणायची, "मोठ्यानं वाच, कानात कुई हुतीया."

"रिळांचा आवाज. दिवसभर तिथे उभी असतेस."

"व्हय, तसंच आसंल."

एकदा गिरणी चार दिवस बंद होती. चौथ्या दिवशीही ती म्हणाली, "आज पन वाजतंय की रं, भोंग्यावानी." चार दिवस रिळे फिरली नव्हती. मी आवाज चढवून वाचत राहिलो.

तिचा रंग उतरला. नळावरून येताना दारात थांबून श्वास घ्यायची. पोटात आग पडते म्हणायची. तिखट कमी कर, मी सांगितले. परसाकडे काळे होते, हे तिने मला नव्हे, शेजारणीला सांगितले होते, आणि दोघींनी मिळून ठरवले होते की कारळाची चटणी खाल्ल्याने तसे होते. कारळे काळे, म्हणून.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. दुपारी खात्यातल्या दोन बायका आईला टांग्यातून घरी घेऊन आल्या. मशीनशी उभी असताना तिला अंधारी आली आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. मला छापखान्यात निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा ती जमिनीवर पडली होती, अंग गार, कपाळावर घाम, आणि शेजारी घमेल्यात तिने काढलेले. चहाचा चोथा असावा तसे, गडद, कणकण.

कंपाउंडर आदल्या दिवशीच परत आला होता. तो माझ्या आधी तिथे होता. त्याने घमेले उजेडाकडे सरकवून पाहिले. मग आईच्या कानाशी वाकला.

"अम्मा, परसाकडे काळे होते? डांबरासारखे?"

"महिना झाला. कारळाच्या चटनीनं."

"चटणी रोज खाता?"

"संपून पंद्रा दिस झाले."

"आज गोळ्या किती घेतल्या?"

"तीन. सोमवार हाय ना."

त्याने माझ्याकडे पाहिले. आरोप म्हणून नाही. त्याला खरोखर कळत नव्हते. "कागद वाचून दाखवला होता ना तुम्ही?"

"कसला कागद?" आई म्हणाली. मग तिचे तिलाच आठवले. "त्यो? दवाखान्याचं नाव लिव्हलेला?"

टांगेवाला दारात उभा होता. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिला कळले आहे हे मला कळले.

मोठ्या दवाखान्यात नेताना टांग्यात तिचे डोके त्याच्या मांडीवर होते. डोके खाली आणि मान एका बाजूला ठेवायची, ओकारी आली तर श्वासात जायला नको, हे त्याला ठाऊक होते. मी टांगेवाल्याशेजारी बसलो. आई मरते आहे असे वाटत असतानाही माझ्या मनात आले, की ते डोके माझ्या मांडीवर हवे होते. हेवा इतका निर्लज्ज असतो. मी हे लिहिले नसते तर कुणाला कळले नसते, पण मग हे पत्रक खोटे झाले असते.

आई वाचली. तिचे दैव, आणि दवाखान्यात वेळेवर पोहोचलो म्हणून. पहिले दोन दिवस तोंडाने काही नाही, पोटावर बर्फाची पिशवी, मग चमच्याचमच्याने दूध. तिथले डॉक्टर वयस्क होते, तुसडे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळे विचारले आणि मी सगळे सांगितले, कागदासकट.

"म्हणजे गोळी विषारी आहे," मी शेवटी म्हणालो. मला अजून कुणीतरी दोषी हवे होते.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईची बोटे तिनेच सोडवली. चांगली गोळी आहे. पण सांध्यांची आग विझवते तीच पोटाच्या आतल्या अस्तराला खाते. रिकाम्या पोटी, रोज, वाढत्या मापाने पडली की तिथे व्रण होतो आणि रक्त झिरपत राहते. पुष्कळदा दुखतही नाही, कारण दुखणे मारायचेच तर औषध. कान वाजतात, ती पहिली सूचना असते. काळे होते ती शेवटची. डोकेदुखीची पूड घ्यायची का?"

"खात्यातल्या बायका द्यायच्या."

"त्यातही बहुधा हेच. म्हणजे मापावर माप."

"आणि जेवून घेतली असती तर?"

"तर धोका कमी झाला असता. संपला नसता. म्हणून तर कुणीतरी लक्ष ठेवायचे असते, आठवड्याला विचारायचे असते. ते तो पोरगा करत होता."

तो पोरगा. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या तिच्या पोटच्या मुलाबद्दल ते बोलत नव्हते.

आई महिन्याने घरी आली. खात्यातली जागा तोवर दुसरीला मिळाली होती, आणि मिळाली नसती तरी दिवसभर उभे राहण्याचे रक्त तिच्या अंगात उरले नव्हते. तिची गाठ मारणारी बोटे शाबूत, पण ती गिरणी तिची राहिली नाही. यासाठी मी कुणाविरुद्ध सभा घ्यायची?

घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यो कागद काड."

मी गठ्ठा सोडवला. तळाशी होता. वाचला. तांबड्या रेघा होत्या तिथे बोट ठेवून, सावकाश. ती डोळे मिटून ऐकत होती, पत्रक ऐकायची तशीच.

"अक्षर चांगलं हाय का रं त्याचं?"

"चांगले आहे."

"तुज्यापेक्षा?"

"हो."

"मंग पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचला. मग तिने डोळे उघडून एकेक गोष्ट बोटावर धरून मला म्हणून दाखवली, एकही न चुकता. उपासाचे आले तेव्हा थांबली. "उपासाला घ्याची न्हाई हे आदी ठाव आसतं, तर म्या सोमवारचा सोमवार ताक-भात खाल्ला आसता. देवाचं म्या बगितलं आसतं. तू कशापायी मधी आलास?"

तो कागद मी गठ्ठ्यात परत न ठेवता तिच्या उशाशी ठेवला.

आता ती कंपाउंडरच्या घरी, त्याच्या बापाच्या मागासाठी बसून सूत गुंडाळत कांड्या भरते. बसून करायचे काम आहे. रोजची गोळी बंद आहे. फार सूज आली तर डॉक्टरला दाखवून, ते म्हणतील तेवढे दिवस, जेवल्यानंतर, आणि मधून मधून तिचे रक्त कमी झाले नाही ना ते बघून. बाकीचे दिवस गरम पाण्याचा शेक. मी छापखान्यातून येतो तेव्हा दोन खोल्यांपलीकडून तिचे हसणे ऐकू येते, आणि तो 'अम्मा' म्हणून काहीतरी सांगत असतो. माझा हेवा गेला असे मी म्हणणार नाही. फक्त त्याच्यापायी आता मी कागद लपवत नाही.

तुम्ही हे वाचता आहात, म्हणजे तुम्हाला वाचता येते. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणी म्हातारे माणूस सांध्यांसाठी अशी गोळी घेत असेल आणि त्याला अक्षर येत नसेल. उद्यावर न टाकता, आज त्याच्याजवळ बसा. गोळीबरोबर आलेला कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवा. कागद नसेल तर दवाखान्यात जाऊन लिहून घ्या. मग त्याच्या तोंडून तो म्हणवून घ्या: कधी, किती, कशाबरोबर, आणि काय झाले की बंद. आणि परसाकडे काळे होते का, हे लाज सोडून विचारा. 'हो' म्हणाले तर त्याच दिवशी त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.